अक्काचं ताट

अक्का गेल्याचं काकूनंच फोनवर सांगितलं. झोपेतच गेली, म्हणाली, आणि त्याच दमात पुढं, ‘‘वजन लई हुतं की रं तिचं...’’ माझ्या थोरल्या बहिणीला अजून उचललंही नव्हतं आणि हिनं तराजू काढला. फार राग आला मला. आता महिना उलटलाय, राग निवलाय.

अक्का लहानपणापासून अंगानं भरलेली. सोलापुरात मेडिकल कॉलेजात शिकवायची, वर्गात आवाज खणखणीत. पण लग्नकार्यात पंगतीला कधी बसायची नाही. ‘भूक नाही’ म्हणायची आणि सगळे उठले की स्वयंपाकघरात उभ्याउभ्या चार घास खायची. ताटावर येणाऱ्या नजरा तिला नको असायच्या. आणि शिकवायचा आवडता विषय कुठला, तर चरबी! आपण चरबीला कणगी समजतो, धान्य ओतलं की संपलं. अक्का म्हणायची, ही कणगी बोलते. लेप्टिन नावाचं हार्मोन रक्तात सोडून मेंदूला कळवते, साठा पुरेसा आहे. मेंदूही ऐकून गप्प बसत नाही, नसांवाटे तिला उलट सांगतो, आता कमी सोड. ‘‘दोघांचा संसार चालतो,’’ ती हसायची, ‘‘आणि बोलणी खातो घरमालक.’’

मग मोहोळचं ते लग्न. काकूची नात रेणू तेव्हा शाळेत होती, गुबगुबीत. जिलेबी आली तशी काकूनं वाढप्याला अडवलं. ‘‘तिला नगं. कशी सुटलीया बघा की.’’ रेणूनं मान खाली घातली. अक्का दारात उभी होती. ती आली, रेणूशेजारी सावकाश खाली बसली. ‘‘काकू, भूक किती लागावी ह्ये पोरीनं ठरवलेलं न्हाय. मेंदूचं आन चरबीचं आत बोलणं चालतंय, ते तिला इचारून न्हाय चालत.’’ मग वाढप्याकडं वळून म्हणाली, ‘‘आधी मला वाढा.’’ सगळ्यांदेखत जेवली. मी समोरच होतो, मला तिचा अभिमान वाटला आणि रडूही आलं. त्यानंतर मात्र तिनं पंगत चुकवली नाही.

तेराव्याला रेणू पहिल्याच ओळीत बसली होती. आता ती नोकरी करते. अंगानं तशीच आहे. वाढप्या एक लाडू ठेवून पुढं सरकला.

‘‘ओ दादा, हितं अजून एक,’’ तिनं हाक मारली.

ओळीतल्या माना तिच्याकडं वळल्या. काकू तिच्या शेजारीच होती. तिनं वाढप्याकडं पाहिलं.

‘‘दोन वाढ तिला,’’ काकू म्हणाली.