लंकाबाईच्या दंडावरचं गोंदण

नाशिकच्या प्रदर्शनात सुनेत्रा गायधनीने बायकांची जलरंगातली चित्रं मांडली होती, पण एकीचाही चेहरा दाखवला नव्हता. समोर बसणाऱ्या प्रत्येकीला तिने ओळख पटू न देण्याचा शब्द दिला होता. सायखेड्याच्या लंकाबाईची उघडी पाठ रंगवताना मात्र दंडावरचं विंचवाचं गोंदण तिने जसंच्या तसं उतरवलं. ही चूक तिला कळली ती आज, लंकाबाईला घेऊन आलेला तिचा मुलगा रविराज त्या चित्रापुढे थबकला तेव्हा.

“आई, हे तुझं गोंदण ना?”

“मी हे चित्र खाली काढून ठेवते,” म्हणत सुनेत्रा पुढे झाली.

“थांबा ताई.” लंकाबाई मुलाकडे वळली. “माझंच हाय. पाठबी माझीच. दोन दिस बसले मी. लाज वाटत आसंल तर बाहेर चहा पिऊन ये.”

“गावात कळलं तर?”

“गाव कधी आलंय चित्रं बघायला?”

रविराज मान खाली घालून बाहेर गेला.

“मावशी, खरंच राहू देऊ?” सुनेत्राने विचारलं.

लंकाबाईने दंडावर पदर ओढून घेतला. “ऱ्हाऊ द्या. पण आज माझ्याजवळून हलू नका.”