सुभेदारकाकांच्या पदकाची फीत

पत्रकं चिकटवायला खळ शिजवली, की त्या वासानं सुभेदारकाकांचं घर आठवतं. फौजेतून येऊन ते पुन्हा मागावर बसले होते; विणण्याआधी सुताला खळ लावायचे. सरकारनं विणकरांचं सूत अडवलं, तेव्हा मी तावातावानं म्हणालो, "काका, मोर्च्यात शौर्यपदक सरकारले परत करा!"

काकांनी पदक काढलं. मूळ फीत विरल्यावर काकूंनी मागावर नवी विणली होती.

"पदक नेऊन दे गा. पन फीत तुह्या काकूची हाये, ते काहून देऊ?"

काकू मागावरूनच म्हणाल्या, "मंग दोन्ही लावूनच जा ना!"

मी चिडलो. पत्रकात 'पदक परत' छापून झालं होतं! आज वाटतं, बरं झालं माझं ऐकलं नाही.

मोर्चा कचेरीत पोचला, तेव्हा काकांच्या छातीवरचं पदक पाहून साहेब खुर्चीतून उठला. काकांनी फीत पुढं केली. "साहेब, हे आमच्या घरचं काम हाये. आता सूत सोडा."