मुलींच्या घरी गेलेला फोन

लातूरच्या भाजी मार्केटात मी भाव करायला उतरले की अडते चहाचा कप बाजूला ठेवतात. नवरा गेल्यावर दोन खोल्यांत खाणावळ काढली आणि क्लासेसची गर्दी वाढत गेली तसं तिचं तीन मजली मुलींचं वसतिगृह केलं. मुखेड, निलंग्याकडचे आईबाप मुलगी माझ्या दारात सोडून जात, ते माझ्या शब्दावर.

गल्लीत नवी वसतिगृहं उठायला लागली तेव्हा एका जाहिरात कंपनीचा माणूस आला. त्याचा भाव मी पाडून अर्ध्यावर आणला. दिवाळीच्या शुभेच्छा पाठवतो म्हणून त्यानं पालकांचे नंबर नेले.

दिवाळी गेली, शुभेच्छा नाहीत. परीक्षा तोंडावर असताना एका सकाळी, धारा काढायच्या वेळी, घरोघर फोन वाजले. रेकॉर्ड केलेला आवाज म्हणाला, "लातूरच्या मुलींच्या वसतिगृहातून बोलतोय. तुमची मुलगी सुरक्षित आहे का?" मग थोडी शांतता, आणि पुढं गरम पाणी, खिडक्यांना जाळ्या वगैरे. ते ऐकायला थांबतो कोण? भूकंपात ज्यांनी आपली माणसं ढिगाऱ्यातून हातानं उकरून काढली, ते असं ऐकल्यावर गाडीच बघणार.

दारात जीपगाड्या लागल्या. एका बापाच्या हाताचं शेणही धुतलेलं नव्हतं. "पोरगी कुठंय?" ती क्लासहून चालत येताना दिसली, तसं त्यानं पायरीवर बसून हात धुवायला पाणी मागितलं. खरं कळल्यावर उठला.

"जाहिरात? आमच्या जिवाची जाहिरात करायलात का तुम्ही?"

मुलीची ट्रंक उचलून तिला घेऊन गेला. मी कंपनीला फोन लावला.

"मॅडम, रिस्पॉन्स बघा की! एवढे फोन उलटून कुणालाच आले नव्हते."

"अरे, रडायलेत ते लोक!"

"पण करतायत ना फोन?"

त्यावर मी जे बोलले ते गल्लीनं बाहेर येऊन ऐकलं. म्हटलं, पैसे ठेव तुझ्याकडं. त्याच नंबरांवर स्वतःच्या आवाजात सांग की हे आम्ही केलं. ते त्यांच्या नियमात बसत नव्हतं. पुढं त्यांच्या माहितीपत्रकात 'लातूरच्या वसतिगृहाला विक्रमी प्रतिसाद' असं छापलेलं पाहिलं. माफी आजतागायत नाही.

मग मीच प्रत्येक घरी फोन लावला. आधी मुलगी बोलायची, मग मी. बाकीचे निवळले, पण ट्रंक उचलून गेलेला तो बाप माझा नंबर बघून फोन कापायचा. ती मुलगी परीक्षेला मुकली असती तर ते माझ्या नावावर लागलं असतं. मी एसटीनं त्यांच्या गावी गेले. भूकंपानंतर नव्यानं वसवलेलं गाव, सगळी घरं एकसारखी, विचारत विचारत पोचले. बाप शेतात होता, मुलीची आई दारात आली. आयुष्यात कुणाला रुपया न सोडणारी मी म्हणाले, "राहिलेले महिने फुकट ठेवते."

"ताई, सौदा करायला आल्या व्हय?"

मग घडलं ते सरळ सांगितलं. तिनं मला पाणी आणून दिलं.

"पोरीच्या बापाला सांगते मी. चार दिवस येऊन राहते. मग ठरवू."

"राहा की," म्हटलं.

ती मुलीला घेऊन आली. माझं वरण पातळ म्हणाली, पिठाचा डबा हुंगला, दाराच्या कड्या ओढून पाहिल्या. दोनदा कडाक्याचं भांडलो. तिसऱ्या दिवशी ती स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. दुसऱ्या एका मुलीच्या आईनं वसतिगृह कसं आहे ते विचारायला तो केला होता.

"बाई तोंडाची लई तिखट हाय," ती सांगत होती, "पर पोरींवर डोळ्यात तेल घालून ध्यान ठेवती. मी बघायले ना."

मी पाठमोरी होते. भाकरी थापत राहिले, वळून पाहिलं नाही. एवढी वर्षं धंदा केला, पण माझी अशी शिफारस कुणी केली नव्हती, आणि तीही फुकट.

पाचव्या दिवशी आई एकटीच गावाकडच्या एसटीत बसली.