टण्ण वाजलेला बोल्ट

जुन्या बोटींच्या कारखान्यात त्यांना सगळे टणटणकाका म्हणत. साठी उलटलेली, मिशांना कायम ग्रीसचा वास आणि खिशात वीतभर लांबीची हातोडी. जुन्या लाकडी बोटीचं इंजिन तळातल्या दोन जाड तुळयांवर आठ बोल्टांनी आवळलेलं असतं. या बोल्टांचं वागणं म्हणजे वरून कीर्तन, आतून तमाशा. डोकं चकचकीत, पण लाकडाच्या आत, जिथे ओल मुरते तिथे गंजून कंबर पार काडी झालेली. म्हणून काका प्रत्येक बोल्टावर हातोडी मारून ऐकत. टण्ण वाजला की पास, थप्प वाजला की बाहेर. चाळीस वर्षांत दुसरं कुठलं यंत्र लागलं नाही, ही गोष्ट ते कुणी विचारायची वाट न बघता सांगत.

मात्र गेली पाच वर्षं त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नव्हतं आणि डाव्यानेही बेताचंच. हे त्यांनी घरीदारी कुणालाच सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. कान गेला तरी हाताला कळतं, अशी स्वतःची समजूत घालून ते टणटण करत राहिले.

त्या सकाळी ते एका बोटीच्या पोटात पालथे पडून गिअरबॉक्सखालचा, सगळ्यात अडचणीतला बोल्ट ठोकत होते. टण्ण वाजला. या बोटीचं इंजिन उतरवायचंच होतं, म्हणून त्यांनी पाना लावून जरा जोर दिला, तर बोल्टाचं डोकं पान्यासकट हातात आलं. तुटल्या जागी पेन्सिलीच्या शिशाएवढं लोखंड शिल्लक होतं.

असला बोल्ट टण्ण वाजणं शक्यच नव्हतं. म्हणजे आवाज कानात नव्हता, सवयीत होता. आणि हाच सवयीचा आवाज ऐकून त्यांनी परवा मास्तरांची बोट पास केली होती.

मास्तर म्हणजे एक निवृत्त शिक्षक. त्यांची सत्तर वर्षांची बोट आज सकाळीच चाचणीसाठी पाण्यात गेली होती, आणि ती चालवायला काकांची मुलगी होती. एकुलती एक, बापाच्याच हाताखाली तयार झालेली मेकॅनिक. तासाभरात येते म्हणाली होती. दोन तास होऊन गेले होते.

धक्क्यावर पोचेपर्यंत काकांच्या तोंडचं पाणी पळालं. पुढे काय होतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? भर वेगात बोल्ट तुटतात, इंजिन जागचं हलतं, पाण्याखालच्या पंख्याचा दांडा ओढला जातो आणि तो जिथून बाहेर निघतो त्या भोकातून पाणी आत घुसतं. त्यांनी फोन लावला. तिने उचलला नाही. परत लावला. इंजिनाच्या धडधडीत तिला ऐकू येत नसेल, असं मनाला सांगून बघितलं, पण मन ऐकेना. धक्क्यावरच्या रखवालदाराकडे त्यांनी छोटी बोट मागितली आणि तिचा दोर सोडायला बसले. गाठ काही सुटेना.

"काका, कशाला सोडताय? आली की ती," रखवालदार म्हणाला. "केव्हाचा आवाज येतोय."

काकांनी मान वर केली. बोट अगदी जवळ आली होती. मास्तरांना हौस आवरली नाही, म्हणून आणखी एक फेरी झाली होती, इतकंच. काकांचा जीव भांड्यात पडला. मुलगी धक्क्यावर चढताच त्यांनी ते तुटकं डोकं तिच्या तळहातावर ठेवलं आणि मास्तरांच्या बोटीतला गिअरबॉक्सखालचा बोल्टही असाच असेल, मी नुसता ठोकून सोडला, असं खालमानेने सांगून टाकलं.

"असाच होता," ती म्हणाली. "काल तुम्ही घरी गेल्यावर मी आठही काढून बघितले. तीन बदलले." मग म्हणाली, "दाराची बेल वाजली की नाही हे तुम्ही आईच्या तोंडाकडे बघून ओळखता, बाबा. तीन वर्षं झाली, तुमच्या मागून प्रत्येक बोट मी तपासते. तुम्हाला लागेल म्हणून बोलले नाही."

काकांना लाज वाटली, लेकीचा अभिमानही वाटला, पण दोन्ही क्षणभरच. तिने सांगितलेली तीन वर्षं त्यांनी मनात मोजली.

"कान जाऊन पाच वर्षं झाली गं," ते म्हणाले.

तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी तपासायला लागले त्याआधीच्या दोन वर्षांतल्या बोटी किती, असं तिने विचारलं. चौदा, काका म्हणाले. त्यातली एक धक्क्याच्या पलीकडच्या टोकाला उभी होती. तिचा मालक बायकोला आणि दोन लहान मुलींना हात देऊन आत घेत होता. लेकीने चटकन तिकडे मान वळवली, त्यावरून इंजिन सुरू झाल्याचं काकांना कळलं.

ते धावत सुटले. सारा धक्का ऐकत होता, आणि काका दोन्ही हात वर करून ओरडत होते, "बंद करा ते! मी तपासलं तेव्हा मला ऐकू येत नव्हतं!"