ओतिलियाच्या मुलीचा बाप

ओतिलिया कानाकिरीच्या मुलीचा बाप डॉल्फिन आहे, हे उकायाली नदीकाठच्या त्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ग्लेंडी पोटात होती तेव्हा बाईनं स्वतःच सांगितलं होतं: जत्रेत एक टोपीवाला आला, नाचला, पहाटे नदीत गेला. नदीतले गुलाबी डॉल्फिन माणूस होऊन तसं करतात, त्यामुळे पुढे कोणी विचारलं नाही. फसलेल्या बाईला लोक नावं ठेवतात, डॉल्फिनला ठेवत नाहीत.

मग पर्यटकांची बोट येऊ लागली. सकाळी माकडं आणि पोपट, दुपारी गाव. रॉयेर नावाचा गाइड माणसं थेट ओतिलियाच्या दारात आणायचा आणि ही गोष्ट सांगायचा. गोष्ट संपली की सगळे ग्लेंडीकडे बघायचे. ती गावच्या शाळेत शिकवायची. "माझं नाक बघतात गं आई," म्हणायची.

एका खेपेला बोटीवरचा नवा इंजिनवाला गर्दीमागे उभा राहिला. पर्यटक पांगल्यावर पुढे आला.

"ओतिलिया, मी सेगुंदो."

तिचं केळी सोलणं थांबलं नाही. "टोपी काढ."

अख्खं गाव पुढे सरकलं. माणूस झालेल्या डॉल्फिनच्या टाळूला भोक असतं, ते झाकायलाच टोपी. सेगुंदोनं टोपी काढली. नुसतं टक्कल निघालं. शेजारीण चक्क हळहळली.

"इतकी वर्षं कुठं होतास?"

"इकितोस शहरात. यायची लाज वाटायची."

"मग इथं येऊन वाटून घ्यायची. जागा होती."

रॉयेर हळूच म्हणाला, "मावशी, आता मी लोकांना काय सांगू?"

"सांग, सुसर होती."

ग्लेंडीनं त्या माणसाला नीट न्याहाळलं. मग आत गेली ती बोट सुटेपर्यंत बाहेर आलीच नाही.

सेगुंदो मात्र दर खेपेला उतरू लागला. आधी त्यानं शाळेचा पंप दुरुस्त केला, मग ओतिलियाच्या छपराची कुजकी पानं बदलली. ती त्याला जेवायला वाढायची, पण बाहेर, खांबांवर उभ्या घराच्या शिडीच्या पायरीवर. कौतुकाचा शब्द नाही.

नदी चढली. पाणी घराच्या खांबांवरून वर येत सेगुंदोच्या पायरीला लागलं.

"आई, तो माणूस भिजतोय," ग्लेंडी म्हणाली.

"मग त्याला सरकायला सांग."

"कुठं?"

ओतिलियानं निखाऱ्यावरचा मासा उलटला.

"आत."