लातूरचं ऊन

लातूरचा आहे म्हटलं की लोक आधी पाण्याचा ग्लास पुढं करतात. चेष्टेनं नाही, कळवळ्यानं करतात, त्यामुळं रागावताही येत नाही. आमचं गाव त्यांनी पाहिलेलं असतं ते पाण्याची रेल्वे आली तेव्हा टीव्हीवर, नाहीतर एसटीच्या खिडकीतून. पत्र्याची शेडं, ट्रकांच्या रांगा आणि हवेत तुरीच्या टरफलाची भुकटी. मी त्या भुकटीतच मोठा झालो. तिचा वास मला अजूनही घरचा वाटतो.

सातवीत माझी शाळा सुटली, त्याच सुमाराला लातूर जिल्हा झाला. आमच्या डाळ मिलच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' पेंटरनं खरवडलं आणि 'जि. लातूर' लिहायला घेतलं. आम्ही कामं सोडून बघत उभे. मालकांना आम्ही अप्पा म्हणायचो. कपाळाला भस्म, बोलणं कमी. ते आम्हाला हाकलायला बाहेर आले आणि स्वतःच थांबले. "अक्षर जरा मोठं काढ की रे," पेंटरला म्हणाले, "लांबून दिसलं पाहिजे."

मला काम शिकवलं मामूंनी. मामू म्हणजे मिलचे म्हातारे मिस्त्री. तूर आधी रोलवर, म्हणजे यंत्राच्या खरबरीत लाटेवर, घासून ओरखडायची, तेल लावायचं, पाणी शिंपडून ढीग लावायचा, मग गच्चीवर तीन दिवस उन्हात वाळवायची. पुन्हा रोलवर घेतली की टरफल निघतं आणि आतून पिवळी डाळ. तीन दिवस म्हणजे तीन दिवस. मामूंनी सांगितलं, मी पाठ केलं. शाळेत काही पाठ झालं नव्हतं, हे झालं.

जिल्हा होऊन थोडीच वर्षं झाली असतील, पाऊस गेला. अप्पांनी मिलचा बोअर गल्लीसाठी खुला केला. सकाळी आधी बायकांच्या घागरी भरायच्या, उरलं तर तुरीला. आम्ही तांब्यानं मोजून तूर भिजवायचो. याबद्दल कुठं छापून आलं नाही आणि अप्पाही कधी बोलले नाहीत. पण पुढं तूरच येईना. मिल आठवड्यातून दोन दिवस चालायला लागली, आणि माझ्या कमाईवर आई आणि दोन बहिणी जगत होत्या.

गुजरातच्या किनाऱ्याकडं अप्पांच्या ओळखीच्या एका शेठनं नवी मिल काढली होती. त्याला लातूरचा मिस्त्री पाहिजे होता. मामूंचं वय झालेलं, म्हणून अप्पांनी मला धाडलं. एक महिना बघणार, जमलं तर ठेवणार. निघताना मामू एवढंच म्हणाले, "जा बेटा. नाव घालवू नको."

तिथं सगळे मला लातूरकर म्हणायचे. गच्चीवर तूर वाळवायला खानदेशातल्या बायका होत्या. त्यांची मुकादम एक मावशी, पन्नाशीची, तोंडानं तिखट. मी तांब्यानं मोजून पाणी शिंपडायला लागलो तशी ती म्हणाली, "काय हो लातूरकर, देवाला तीर्थ देऊन राहिले का?" बायका हसल्या. मी तांब्या मोजत राहिलो. दुसऱ्या दिवशी तिनं मूठभर तूर तळहातावर हलवली आणि माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही मला शिकवणार. मीच आधी बोललो, "मावशी, आमच्या लातुरात तीन दिवसांत वाळते."

"मग वाळंल," ती म्हणाली आणि पाठ फिरवून गेली.

चौथ्या दिवशी रोल सुरू केला. टरफल सुटेना. रोल आवळला तर दाणाच फुटायला लागला. अख्खा माल चुरा होऊन जनावरांच्या खाद्यात जायच्या लायकीचा झाला. मी रोल बंद केला. रोल बसवण्यातच आठवडा गेला होता, आता महिन्यातले अकरा दिवस संपलेले. घरी परत जायचं म्हणजे बंद मिलपाशी जायचं, आणि वर इथं सगळे म्हणणार, लातूरचे असेच.

मी ठरवलं, मामूंना गुपचूप विचारायचं. शेठला म्हणालो, "आईची तब्येत बरी नाही, लातूरला ट्रंक कॉल लावू का?" शेठनं लगेच लावून दिला. दोन तासांनी लागला. अप्पांच्या मिलवर मामू फोनवर आले, पण लाइन इतकी खराब की त्यांना काही ऐकूच जाईना.

"क्या? जोरसे बोल."

मी जरा मोठ्यानं बोललो. पुन्हा तेच. शेवटी नाइलाज झाला आणि मी ओरडलो, "मामू, टरफल सुटत न्हाई. सगळा माल फुटला. माझं चुकलं."

ऑफिसातली माणसं माना वर करून बघायला लागली. शेठ समोरच बसलेले. दारात मावशीही उभी होती, हजेरी द्यायला आलेली.

"वाळली का न्हाई ते बघितलं का?" मामू तिकडून ओरडले.

"तीन दिवस घातली होती."

"दिवस कोण इचारतंय? दाताखाली धरलीस का? कट वाजलं का?"

"न्हाई धरली."

"अरे बाबा, लातूरचं ऊन तिकडं घेऊन जायला तुला कोण सांगितलं? तिथं गच्चीवर कोण हाय?"

मी मावशीकडं बघितलं. "एक मावशी हाय."

"मग मला फोन कशाला? तिला इचार."

लाइन तुटली. शेठनं माझ्या हातातला रिसीव्हर घेऊन जागेवर ठेवला. मग म्हणाले, "आई बरी आहे ना?" मी मान खाली घालून हो म्हणालो. "बरं झालं," ते म्हणाले. "आता मावशीला विचार."

मी तिला जिन्यात गाठून विचारलं. मावशीला आणखी दोन टोमणे मारता आले असते. तिनं मला वर नेलं. "दुपारी तीनला समुद्राचं वारं सुटतं," ती म्हणाली. "दिवसभर वाळलेलं ते संध्याकाळपर्यंत ओलं करतं. तीनच्या आत गोळा करून ताडपत्री टाकायची. पहिल्या दिवशीच सांगणार होते, पण तुमचं लातूर मधे आलं."

दुसऱ्या मालाला सहा दिवस लागले. रोज तीनच्या आधी मावशी वरून हाक मारायची आणि आम्ही सगळे धावत गच्चीवर. सहाव्या दिवशी तूर दाताखाली कट वाजली. रोलमधून पिवळी डाळ पडली, टरफल वेगळं. शेठनं ओंजळभर घेतली, उजेडात नेऊन पाहिली आणि कापडी पिशवीत भरायला लावली. "लातूरला पाठव," म्हणाले. "तिथले लोक काय म्हणतात बघू."

मला अजून आठवतं, मी पार्सलवर पत्ता लिहिला, 'ता. लातूर, जि. लातूर', आणि पोस्टातल्या माणसानं विचारलं, "दोनदा का लिहिलं?" मी त्याला सगळं सांगितलं असतं, पण रांग होती.

महिना संपायला दोन दिवस असताना पोस्टकार्ड आलं. मामूंना लिहिता येत नव्हतं, मिलच्या कारकुनानं लिहिलेलं. 'डाळ पोचली. अप्पांनी घरी शिजवायला नेली. बरी आहे. पण घासतोस जास्त, कडा जातात.'

मी ते शेठना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली. "पुढच्या महिन्यात कमी घास," म्हणाले.

पुढच्या महिन्यात, असं म्हणाले. मी कार्ड खिशात घातलं, खाली गेलो, पाना घेतला आणि रोल थोडा ढिला केला.