जावक क्रमांक चारशे सतरा

माझ्या मामाने सरकारी गुपित वर्तमानपत्राला दिलं, आणि देताना त्याची रीतसर नोंदही करून ठेवली. वर्षभर मी हे लोकांना सांगतोय. प्रत्येक जण मधेच थांबवून विचारतो, "म्हणजे, स्वतःच लिहून ठेवलं?" हो. स्वतःच. निळ्या शाईत.

मामा पूल विभागाच्या अभिलेख कक्षात कारकून. तीस वर्षं तीच खोली, छताला भिडलेले रॅक, खिडकीच्या गजावर वाळत घातलेला रुमाल. तिथून कागद बाहेर गेला की जावक नोंदवहीत क्रमांक, तारीख, कोणाला, कोणाच्या हस्ते, आणि शेवटी शेरा. साक्षात मंत्री आला तरी नोंदीशिवाय चिटोरा मिळायचा नाही. ऑफिसात त्याचं नावच 'जावक' पडलं होतं. घरातलं मासिक शेजारणीकडे गेलं तरी हा मामीला विचारणार, "लिहून ठेवलंस का?"

नदीवरच्या जुन्या पुलाचा तपासणी अहवाल त्याच्याकडे आला तो 'गोपनीय' शिक्का घेऊनच. मधल्या दोन खांबांना तडे गेलेत, जड वाहनं ताबडतोब थांबवा, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. दोन वर्षांत तो पाच वेळा वरिष्ठांकडे गेला. पाचही वेळा मामाने शेरा लिहिला: उत्तर नाही. पुलावरून शाळेच्या बस जातच होत्या. सहाव्या वेळी त्याने प्रत काढली, जेवणाच्या सुट्टीत चालत जाऊन एका वार्ताहर बाईंच्या हातात दिली, आणि परत येऊन लिहिलं: जावक क्रमांक ४१७, एक प्रत, वर्तमानपत्रास, हस्ते स्वतः.

बातमी छापून आली आणि चार दिवसांत पूल बंद झाला. तड्यांबद्दल कोणाला साधी नोटीसही गेली नाही. चौकशी बसली ती अहवाल फोडला कोणी, याची.

सगळ्यांचे फोन नेले, संगणक नेला. मी इंजिनिअर आणि मामाकडे येऊन-जाऊन असतो, म्हणून माझा लॅपटॉपही नेला. तीन महिने पुसलेल्या फायली उकरत बसले. वही टेबलावरच होती. नंतर मी मामावर ओरडलो, तेव्हाच का नाही सांगितलंस? तर म्हणे, "त्यांनी फोनचं विचारलं. फोनवरून मी काही पाठवलं नव्हतं."

मग कोणाच्या तरी लक्षात आलं की कक्षाच्या किल्ल्या दोनच, एक मामाकडे आणि एक शिपायाकडे. मामासारखा नेमाचा माणूस असं करेल कशाला? निलंबित केलं शिपायाला. दुसऱ्या दिवशी मामा वही काखेत मारून तपास अधिकाऱ्यासमोर उभा राहिला आणि पान उघडून दाखवलं.

त्याच्या निवृत्तीला सात महिने होते. वकील म्हणाले, अधिकाऱ्यापुढे तोंडी बोललेलं कोर्टात टिकत नाही, वार्ताहर बाई तोंड उघडणार नाहीत, उरते ही एक नोंद. ते अक्षर माझं नाही एवढंच म्हणा, सुटाल.

"मग कोणाचं?" मामाने विचारलं.

"ते आपण कशाला सांगायचं?"

"किल्ल्या दोनच आहेत, वकीलसाहेब."

मामीने अबोला धरून पाहिला. मी दोन तास डोकं फोडलं आणि हात टेकले.

कोर्टात सरकारी वकिलांनी वही पुढे केली. अक्षर तुमचंच का? मामा हो म्हणाला. आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. समोरच्यांना चेव चढला. बाकी सगळ्या नोंदींपुढे शेरा आहे, इथेच रकाना कोरा कसा? लपवायचं होतं म्हणूनच ना?

तेव्हा मामा पहिल्यांदा चिडला. "लपवायचं असतं तर लिहिलं कशाला असतं? कागदाचं काय झालं ते लेखी आल्यावर शेरा लिहितात. पूल बंद केल्याचा आदेश आमच्या कक्षात पोचायला चार महिने लागले, तोवर वही तुमच्याकडे जमा. 'कार्यवाही झाली' एवढंच लिहायचं राहिलंय." मग न्यायाधीशांकडे वळून म्हणाला, "आता लिहू का?"

जप्त केलेल्या पुराव्यात काही लिहिता येणार नाही, असं ते म्हणाले.

शिपाई कामावर परत गेला. मामाला सहा महिन्यांची कैद झाली. अपिलामुळे तूर्त घरी आहे. निकालाच्या दिवशी परतताना शिक्षेबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. रस्ताभर एकच टकळी, की पूल बंद झाल्याचं त्या वहीत कुठेच आलं नाही. शेवटी मामीचा संयम संपला. घरात शिरल्या शिरल्या तिने पेन घेतलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं मागे उलटली.

"सांगा तारीख," ती म्हणाली. "मी लिहिते. पण त्यानंतर या घरात पुलाचं नाव काढायचं नाही."

मामाने तारीख सांगितली. ती लिहीपर्यंत मागे उभा राहिला, आणि मग म्हणाला, "खाली सही कर."